समासातला प्रश्न: ‘घराचं काय?’

वाचकाचं पत्र

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत अकरावीत आहे. इंग्रजीला त्यांना फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी आहे. गरीब घरातून निघून, नाव बदलून श्रीमंत झालेला गॅट्सबी जुनी प्रेयसी डेझी परत मिळावी म्हणून धडपडतो, अशी ती गोष्ट. तिने त्यावर चार पानी निबंध लिहिला. बाकीची मुलं डेझीच्या घराच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्यावर, ज्याच्याकडे गॅट्सबी बघत राहतो, आणि अमेरिकन ड्रीमवर, म्हणजे मेहनतीने कुणीही वर येऊ शकतो या स्वप्नावर लिहितात. हिने लिहिलं, की गॅट्सबीचं खरं दुखणं डेझी नाहीच. त्याला आपल्या आईवडिलांची लाज वाटते आणि ती झाकायला तो एवढा डोलारा उभा करतो. मला वाचून अभिमान वाटला, पण बाईंनी बी मायनस दिला. समासात तीन शेरे: ‘ही नुसती गोष्ट झाली’, ‘हे कोण म्हणतंय?’ आणि शेवटी ‘घराचं काय?’ दोन आठवड्यांत निबंध सुधारून द्यायची मुभा आहे, पण ती चिडली आहे. म्हणते, “पुढच्या वेळी त्यांना हवं तेच लिहीन, नेटवर सगळं तयार मिळतं.”

आमच्या शाळेत कवीला काय म्हणायचं आहे ते सर फळ्यावर लिहायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. इथे स्वतःचं मत मांडा म्हणतात, आणि मांडलं की गुण कापतात. मी बाईंना ईमेल करू का?

आणखी एक गोष्ट मनात राहून राहून येते. मुलगी शाळेत स्वतःचं नाव छोटं करून सांगते. तिचे बाबा शाळेत आले की तीच पुढे होऊन बोलते. हा निबंध आमच्याबद्दल तर नाही ना?

– एक आई, न्यू जर्सी

उत्तर

ताई, ईमेल करू नका. तुमचा राग मला समजतो, पण त्या तीन शेऱ्यांपैकी तिसरा मी पुन्हा पुन्हा वाचला आणि मला त्या बाईंबद्दल आदरच वाटला. ‘घराचं काय?’ हा प्रश्न निबंध चाळून गुण टाकणाऱ्याला सुचत नाही. मुलीचं म्हणणं खरं असू शकेल असं ज्याला वाटलं आणि ते खरं धरलं तर पुस्तकातलं काय आडवं येतं हे ज्याने शोधलं, त्यालाच तो सुचतो. तुमच्या लेकीने वेगळं मत मांडलं म्हणून तिचे गुण गेले असं मला वाटत नाही. मत अर्ध्या वाटेवर सोडलं म्हणून गेले असावेत.

ते घर कुठलं, ते आधी सांगते.

शेवटच्या, नवव्या प्रकरणात गॅट्सबीचा खून झालेला आहे. ज्याच्या मेजवान्यांना माणसांचे लोंढे यायचे, त्याच्या अंत्यविधीला यायला आता कुणी तयार नाही. तिसऱ्या दिवशी मिनेसोटातल्या एका गावाहून तार येते आणि पाठोपाठ एक म्हातारा येऊन पोचतो. सप्टेंबरचा उबदार दिवस, आणि याच्या अंगात लांबलचक, स्वस्तातला ओव्हरकोट. हा गॅट्सबीचा बाप. गोष्ट सांगणारा निक त्याला ‘मिस्टर गॅट्सबी’ म्हणून हाक मारतो. म्हातारा म्हणतो, “माझं नाव गॅट्झ.” एवढंच. मुलाने सतराव्या वर्षी टाकून दिलेलं नाव बाप त्याच्याच महालात उभा राहून सांगतो. निक त्याला बसवतो, खायला मागवतो. तो खात नाही, आणि दुधाचा पेला त्याच्या थरथरत्या हातातून सांडतो.

हळूहळू तो बोलू लागतो. पाकिटातून एक फोटो काढतो. फोटो याच महालाचा, मुलाने पाठवलेला. कोपरे चिरलेले, हात लागून लागून मळलेला. ज्या घरात आपण आत्ता आहोत त्याचाच फोटो तो निकला दाखवतो. निकला वाटतं, म्हाताऱ्याला खऱ्या घरापेक्षा हा फोटोच जास्त खरा झालाय. मग तो सांगतो, की दोन वर्षांपूर्वी जिमी (गॅट्सबीचं घरचं नाव) मला भेटायला आला होता, मी आज राहतो ते घर त्यानेच मला घेऊन दिलं.

बाई विचारतात ते हे घर. आईबापांची लाज वाटणारा मुलगा बापाला भेटायला जातो? त्याला घर घेऊन देतो? आपल्या वैभवाचा फोटो पोस्टाने पाठवतो? जाईलही कदाचित. लाजेपोटीही माणूस घर घेऊन देतो. दर महिन्याला पैसे पाठवून मोकळी होणारी मुलं तुम्ही-मी पाहिली आहेत. किंवा लाजेच्या तळाशी आणखी काही असेल. मला यावर बरंच काही म्हणायचंय, पण ते मी इथे लिहिणार नाही, कारण मग तुमच्या घरी आणखी एक फळा तयार होईल आणि तो उतरवून घेतला जाईल. एवढं नक्की सांगते, की लेकीने या घराला वळसा घातला आहे, आणि तिचा निबंध खरा सुरू व्हायचा तो तिथून.

तिची बाजू लंगडी आहे असं मात्र समजू नका. तिच्या बाजूने पुस्तकात भक्कम आधार आहेत. चौथ्या प्रकरणात गाडीतून न्यूयॉर्कला जाताना गॅट्सबी निकला सांगतो, की मी मिडल वेस्टमधल्या श्रीमंत घरचा मुलगा, आता घरचे सगळे वारले. बाप तर तिकडे जिवंत आहे, आणि शेवटच्या प्रकरणातला हिशेब मांडला तर हा अलीकडेच त्याला भेटूनही आलेला आहे. जिवंत बापाला मेलेल्यांत काढणं म्हणजे काय, हे तिने या एका वाक्यावर थांबून लिहिलं तर अख्खं पान होईल. ‘ही नुसती गोष्ट झाली’ या पहिल्या शेऱ्यावर इलाजही हाच. मुलं एका दमात सगळं कथानक सांगतात कारण थांबायची भीती वाटते. एका वाक्यापाशी थांबलं की आपल्याकडे बोलायला काही उरणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं.

दुसरा शेरा, ‘हे कोण म्हणतंय?’, जरा नाजूक आहे. माझा अंदाज असा, की लेकीने सहाव्या प्रकरणातलं ते प्रसिद्ध वाक्य घेतलं असणार. गॅट्सबीचे आईबाप आळशी, अपयशी शेतकरी होते आणि त्याच्या कल्पनेने त्यांना आपले आईबाप म्हणून कधी मानलंच नव्हतं, अशा अर्थाचं. विद्यार्थी हे वाक्य हमखास उचलतात आणि ‘गॅट्सबी म्हणतो’ असं लिहून मोकळे होतात. पण ते वाक्य गॅट्सबीच्या तोंडी नाही, निकचं आहे. गॅट्सबीने बऱ्याच उशिरा त्याला काही सांगितलं, त्यावरून निकने आपल्या शब्दांत मांडलेलं. ‘आळशी’ हा शब्द मुलाचा की निकचा? निकच्या घरी हार्डवेअरचा घाऊक धंदा, शिक्षण येल या नामांकित विद्यापीठातलं, आणि पहिल्याच पानावर तो सांगतो की मी सहसा कुणाबद्दल मत बनवत नाही. खालच्या थरातल्या माणसांकडे तो कसा बघतो हे तपासल्याशिवाय हे वाक्य पुरावा म्हणून वापरता येत नाही. माझ्या वर्गात याच्या उलटही व्हायचं. डेझीच्या आवाजात पैसा भरलाय हे वाक्य सगळे निकचं समजायचे. ते आहे गॅट्सबीचं! डेझीवर जीव टाकणारा माणूस स्वतः तसं म्हणतो, आणि हे कळलं की त्या वाक्याचा सगळा रंग बदलतो.

आता एक तपशील, जो तुमच्या पत्रात आला नाही, म्हणजे बहुधा निबंधातही नसावा. म्हातारा गॅट्झ निकला मुलाचं एक जुनं, फाटकं पुस्तक दाखवतो, ‘हॉपअलाँग कॅसिडी’. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर जिमीने दिनक्रम लिहिलेला आहे, तारीख १२ सप्टेंबर १९०६. म्हणजे जिमी तेव्हा साधारण तुमच्या लेकीच्या वयाचा. सहाला उठायचं, व्यायाम करायचा, विजेचा अभ्यास करायचा, काम, बेसबॉल, मग नीट बोलायचा सराव. खाली संकल्प: सिगारेट बंद, एक दिवसाआड अंघोळ, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. त्यातले पाच खोडून तीन केलेत. ते खोडलेले पाच पाहिले की त्या घरात पैसा किती होता ते कळतं, वर्णन लागत नाही. आणि यादीतला अगदी शेवटचा संकल्प: आईवडिलांशी जास्त चांगलं वागायचं.

लेकीला त्या ओळीवर बोट ठेवून विचारा, की ही ओळ तुझ्या बाजूची की तुझ्या विरुद्ध? मला स्वतःला वर्षानुवर्षं याचं एकच उत्तर देता आलेलं नाही. कधी वाटतं, ज्याला आईबापांशी चांगलं वागायचा संकल्प लिहावा लागतो तो त्यांच्याशी कसा वागत असेल? कधी वाटतं, इतक्या स्वतःपुरत्या यादीत त्यांना जागा दिली हेच मोठं.

हा दिनक्रम वाचून अमेरिकन वाचकाला लगेच बेंजामिन फ्रँकलिन आठवतो, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या आत्मचरित्रातही असाच तासातासाचा तक्ता आहे. ते आत्मचरित्र सुरू होतं मुलाला लिहिलेल्या पत्रासारखं, १७७१ मध्ये. तो मुलगा विल्यम, तुमच्याच न्यू जर्सीचा ब्रिटिश राजाने नेमलेला शेवटचा गव्हर्नर. पुढे स्वातंत्र्ययुद्धात मुलगा राजाच्या बाजूने राहिला, बाप विरुद्ध बाजूला, आणि ते नातं पुन्हा काही नीट जुळलं नाही. तिकडे बापाने मुलासाठी लिहिलं, इकडे मुलाचं लिहिलेलं बाप मुलाच्या मरणानंतर परक्या माणसाला वाचून दाखवतो. फिट्झजेराल्डच्या मनात हे सगळं होतं असा दावा लेकीने करू नये, तो सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आता त्या ‘नेटवर तयार मिळतं’ याबद्दल. मला यातच खरा धोका दिसतो. बी मायनस दोन महिन्यांनी कुणाला आठवणार नाही. सोळाव्या वर्षी लागलेली ही सवय मात्र सुटायला फार वेळ लागतो.

हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन ड्रीम, हे सूत्र मुलं पाठ करतात आणि त्यावर पूर्ण गुण मिळतील असं समजतात. कादंबरी आली १९२५ मध्ये. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी रुळला तो १९३१ मध्ये इतिहासकार जेम्स ट्रस्लो अॅडम्स यांच्या पुस्तकामुळे. अख्ख्या गॅट्सबीत तो शब्द एकदाही नाही. म्हणून तो विषय त्यात नाही असं मी म्हणत नाही, पण मग तो कुठल्या शब्दांत आलाय हे दाखवायला लागतं. दिव्याचंच बघा. पाचव्या प्रकरणात डेझी गॅट्सबीच्या शेजारी उभी असते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो दिवा पुन्हा धक्क्यावरचा एक साधा हिरवा दिवा होऊन जातो. निक म्हणतो, त्याच्या भारलेल्या वस्तूंतली एक कमी झाली. म्हणजे लेखकाने कादंबरीच्या मध्यावरच त्या दिव्याचा अर्थ काढून घेतलाय, आणि शेवटच्या पानावर तो परत आणलाय. तयार उत्तर लिहिणारा विद्यार्थी या मधल्या पानावरून सरळ पुढे जातो, कारण सूत्राला त्याची गरजच नसते.

मग कुठलाही अर्थ लावला तरी चालतो का? तुमच्या पत्रात हा प्रश्न आडून आलाय: स्वतःचं मत मागतात, मग गुण का कापतात? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका दुसऱ्या अमेरिकन कादंबरीत आहे, १८५१ सालच्या ‘मोबी-डिक’मध्ये. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाच्या कॅप्टन एहॅबने डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकलंय. पांढरा देवमासा ज्याला आधी दिसेल त्याला ते मिळणार. ९९व्या प्रकरणात जहाजावरचे लोक एकेक करून त्या नाण्यापाशी येतात आणि त्यावरच्या चित्रांचा अर्थ लावतात. एहॅबला त्यात सगळीकडे स्वतःच दिसतो. देवभोळ्या स्टारबकला देव दिसतो. स्टब पंचांगातल्या राशी काढून बसतो. मग फ्लास्क येतो. त्याला फक्त सोळा डॉलर दिसतात, आणि दोन सेंटला एक या भावाने तो सिगार मोजतो: ९६०.

सोळा डॉलरचे दोन सेंटच्या भावाने सिगार होतात ८००.

एहॅब चूक की स्टारबक बरोबर, हे कुणी ठरवू शकत नाही. दोघांनी नाण्यावर खरोखर असलेलीच चित्रं पाहिली आणि आपापल्या परीने वाचली. नाण्यात फक्त पैसे पाहणं हीसुद्धा एक दृष्टीच आहे, तीही चालेल. पण फ्लास्कचा गुणाकार चुकलाय, आणि तो कुठल्याही दृष्टीने बघितलं तरी चुकलेलाच आहे. तुमच्या लेकीची दृष्टी बाईंनी नाकारलेली नाही. तिच्या हिशेबात एक घर मोजायचं राहिलं, एवढंच त्यांनी दाखवलंय.

शेवटचा प्रश्न तुम्ही भीत भीत विचारलाय, म्हणून त्याला सावकाश उत्तर देते.

मी बरीच वर्षं इथे, आपल्याकडे, पदवीच्या वर्गांना अमेरिकन साहित्य शिकवलं. गॅट्सबीच्या तासाला माझ्याकडे नोट्स तयार असायच्या: स्वप्नाचा ऱ्हास, पैशाचं विष, राखेचं खोरं आणि त्यावरचे जाहिरातीतले डोळे. एका वर्षी मागच्या बाकावरचा, शेतकरी घरातला एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, त्या दुधाचं काहीतरी सांगा.” मला आधी कळेचना, कुठलं दूध. मी ते वाक्य दहा वेळा शिकवताना ओलांडून गेले होते. तो म्हणाला, “आमच्याकडे पोरगं गेलं की बापाला कुणीतरी बळेच चहा पाजायला जातं. कप असाच हलतो. या म्हाताऱ्याच्या हातून सांडलं, म्हणजे तोवर त्याला मोकळं रडूच आलेलं नसणार.” मी पुस्तक उघडलं. पुढे काही ओळींनंतर तो मुलाचं शव पाहून बाहेर येतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून सुटे सुटे, अवेळीच अश्रू ओघळतात. त्या मुलाचं बरोबर होतं. तो स्वतःच्या घराबद्दल बोलत नव्हता, गॅट्झबद्दलच बोलत होता. पण तो पेला त्याला दिसला याचं कारण त्याच्या घरात होतं.

तुमच्या लेकीचं असंच असावं. ज्या वर्गात बाकी सगळे दिव्याकडे बघतायत, तिथे हिला बाप दिसला. नाव बदलणं, बापाचं बोलणं, बापाने अभिमानाने दाखवलेला फोटो, या गोष्टींकडे जायला तिची नजर तुमच्या घरात तयार झाली आहे. यावरून तिला तुमची लाज वाटते असा निष्कर्ष काढू नका. ती नाव छोटं करते ते कदाचित रोज दहा वेळा उच्चार दुरुस्त करायचा कंटाळा आला म्हणून असेल. बाबांच्या पुढे होऊन बोलते ते लाजेने की त्यांना कुणी हसू नये म्हणून? तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तिला विचारायचं असेल तर सरळ विचारा, पण निबंधाचा धागा पकडून विचारू नका. ‘हे तू आमच्याबद्दल लिहिलंस का’ असं एकदा विचारलं की यापुढे ती काहीही लिहिताना तुम्ही खांद्यावरून वाचताय असं तिला वाटेल, आणि मग ती खरोखरच हिरव्या दिव्यावर लिहू लागेल.

त्यापेक्षा असं करा. येत्या शनिवारी तिला म्हणा, की मला नववं प्रकरण वाचून दाखव, नुसता म्हाताऱ्याचा भाग. अर्धा तासही लागणार नाही. तुम्ही ऐका आणि गॅट्झच्या बोलण्याकडे लक्ष द्या. त्याचं व्याकरण चुकतं. ‘केम’च्या जागी तो ‘कम’ म्हणतो, ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’. वर्गात हे कुणी बोललं नसेल, कारण तिथल्या मुलांना ते नुसतं गावठी इंग्रजी वाटतं. ज्याला परक्यांसमोर आपलं इंग्रजी जपून वापरावं लागलंय, त्याच्या कानाला ते वेगळं लागतं. तुम्हाला काय ऐकू आलं ते लेकीला सांगा, बरोबर की चूक याची चिंता न करता. अर्थ समजावून सांगू नका, ऐकू आलं तेवढंच सांगा. ती वाद घालेल. घालू द्या.

बाईंकडे तिचं तिनेच जावं, शाळा सुटल्यावर, निबंध आणि पुस्तक दोन्ही घेऊन. ‘गुण का कापले’ असं न विचारता ‘घराचं मला असं वाटतंय’ अशी सुरुवात करावी. गुण वाढतील की नाही याची हमी मी देत नाही.

सुधारलेला निबंध झाला आणि तिची हरकत नसेल, तर मला पाठवा. त्या शेवटच्या संकल्पाचं ती काय करते, ते मला वाचायचंय.